पडल्या म्हणून मोडलं नाही

बाथरूममध्ये पाय घसरला. सावरायला हात टेकवला. मनगट मोडलं. साठी ओलांडलेल्या एखाद्या काकूंचा हात गळ्यात अडकवलेला दिसला, की विचारणाऱ्याला हीच तीन वाक्यं ऐकायला मिळतात. घर नाशिकच्या सिडकोतलं असो, पंचवटीतल्या जुन्या वाड्यातलं असो की निफाडच्या मळ्यातलं, हकिगत फारशी बदलत नाही. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघतं, न्हाणीघरात रबरी चटई येते, ‘जपून चालत जा’ म्हणून सगळे बजावतात आणि विषय संपतो.

विषय तिथे संपतो हीच चूक आहे. माणूस उभ्या उंचीवरून जमिनीवर पडला, तर धडधाकट हाड सहसा मोडत नाही. खरचटतं, सुजतं, मुका मार लागतो. हाड मोडलं याचा अर्थ ते आधीच ठिसूळ झालेलं होतं. फरशी ओली होती हे निमित्त. कारण हाडाच्या आत होतं आणि ते वीस-तीस वर्षांपासून तयार होत आलेलं होतं. पन्नाशीनंतर नुसत्या पडण्यानं मनगट, खुबा किंवा मणका मोडला, तर त्याला अपघात न म्हणता ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, खूण म्हणायला हवं. आज आपली घरं, आपले दवाखाने आणि आपल्या सरकारी योजना त्याला अपघातच म्हणतात. त्यामुळे मोडलेलं हाड जोडलं जातं आणि पुढे मोडणारं हाड तसंच राहतं.

डब्लिनच्या अब्राहम कोलिस या शल्यविशारदानं १८१४ मध्ये मनगटाच्या या मोडीचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ऐंशी वर्षं अवकाश होता. हाताच्या बोटांनी चाचपून त्यानं ती ओळखली. आजही अस्थिरोगतज्ज्ञ तिला त्याच्याच नावानं ओळखतात. पण असं हाड उतारवयातल्या बायकांचंच जास्त का मोडतं, याचं उत्तर मिळायला विसावं शतक उजाडलं. बोस्टनच्या फुलर ऑलब्राइटनं १९४१ मध्ये दाखवून दिलं की पाळी गेल्यानंतर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि तिथून हाडांची झीज वेग घेते.

हाड हे निर्जीव खांबासारखं नसतं. त्याच्यात सतत काम चालू असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी ती जागा नव्या हाडानं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो. तिशीच्या आसपास हाडांचा साठा सर्वांत जास्त असतो. त्यानंतर भरणं थोडं मागे पडू लागतं. पाळी जाते तेव्हा पोखरणाऱ्या पेशींवरचा इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो आणि पुढच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा निघून जाऊ शकतो. पुरुषांची झीज संथ असते, पण ते सुटत नाहीत. जगभरातला अंदाज असा, की पन्नाशीपुढच्या तीन स्त्रियांपैकी एकीचं आणि पाच पुरुषांपैकी एकाचं हाड उरलेल्या आयुष्यात या आजारामुळे मोडतं.

हे सगळं घडताना काहीच दुखत नाही. तुळया वाळवीनं आतून पोखरलेल्या आणि भिंतींना मात्र नुकताच रंग दिलेला अशा वाड्यासारखी ही अवस्था असते. लोक गुडघेदुखीला घाबरतात, तेल चोळतात, डॉक्टरकडे जातात. गुडघेदुखी हा सांध्यातल्या कूर्चेचा आजार, तो वेगळा. ठिसूळ हाडांचा आजार दुखत नाही म्हणून कुणी त्याच्यासाठी डॉक्टरकडे जात नाही. साध्या एक्स-रेमध्येही तो उशिरा दिसतो. हाडातलं तीस-चाळीस टक्के खनिज गेल्याशिवाय फिल्मवर फरक नजरेत भरत नाही.

मणक्याचं तर आणखी अवघड आहे. मणका मोडण्यासाठी पडावंही लागत नाही. वाकून पाण्याची कळशी उचलली, एसटीत मागच्या बाकावर बसून खड्ड्यातून जोराचा धक्का बसला, एवढंही पुरतं. मणका पुढच्या बाजूनं दबतो, पाठ काही दिवस दुखते, मलम लावलं जातं. मणक्याच्या अशा मोडींपैकी साधारण दोन तृतीयांश कधीच ओळखल्या जात नाहीत. खुणा मात्र घरातच दिसत असतात. परकर जमिनीला टेकू लागतो म्हणून वर खोचावा लागतो. फळीवरचा डबा, जो कालपरवापर्यंत सहज हाताला यायचा, त्यासाठी स्टूल घ्यावं लागतं. पाठीला बाक येतो. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर कमी झाले असतील, तर मणक्यांचा एक्स-रे काढायलाच हवा. आपल्याकडे मात्र ‘वय झालं’ म्हणून आजीच्या वाकलेल्या पाठीकडे कुणी पाहत नाही. वय सगळ्यांचंच होतं, पाठ सगळ्यांचीच वाकत नाही.

मग ही झीज कुठून सुरू होते? ती पाळी गेल्यावर वेग घेते हे खरं, पण साठा किती होता हे त्याच्या फार आधी ठरतं. याचा सर्वांत जवळचा पुरावा पुण्यातून आला आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या स्त्रियांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांची घनता मोजली. ज्या आयांच्या गरोदरपणातल्या जेवणात दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियम देणारे पदार्थ वारंवार होते, त्यांच्या मुलांची हाडं अधिक भरीव निघाली. म्हणजे आजीच्या खुब्याची गोष्ट काही अंशी पणजीच्या ताटापासून सुरू होते.

पुण्याच्याच जहांगीर रुग्णालयाच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना रोज लाडू दिला. एका गटाच्या लाडवात कॅल्शियम जास्त घातलेलं होतं. ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना मिळत होतं. वर्षभरानं मोजलं तेव्हा जास्त कॅल्शियमचा लाडू खाणाऱ्या मुलांच्या हाडांत खनिजाची भर अधिक पडलेली होती. औषधाच्या बाटलीपेक्षा लाडू मुलाच्या पोटात जाण्याची शक्यता कितीतरी जास्त, हेही या प्रयोगानं ध्यानात ठेवलेलं होतं. अंगणवाडीच्या आहाराची आखणी करणाऱ्यांनी तो अभ्यासण्यासारखा आहे.

आहाराची गोष्ट निघाली की नाशिक जिल्ह्याला मान खाली घालायचं खरं तर कारण नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा पश्चिमेचा डोंगरपट्टा नागलीचा, म्हणजे नाचणीचा. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच गव्हात जेमतेम चाळीस आणि तांदळात त्याहूनही कमी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेली गरज मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम आहे. शंभर ग्रॅम पिठाच्या नागलीच्या भाकऱ्या, पेलाभर म्हणजे दोनशे मिलिलिटर दूध, एक वाटी दही, राजगिऱ्याच्या किंवा माठाच्या पाल्याची भाजी आणि दोन चमचे तिळाची चटणी, एवढ्यात हजाराचा आकडा गाठता येतो. नागलीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरं, कारण फायटेट आणि ऑक्झॅलेट ते धरून ठेवतात. पण नागलीला मोड आणले किंवा पीठ आंबवून आंबील केली, तर फायटेट बरंच कमी होतं. डोंगरपट्ट्यातल्या बायकांना ही रीत कुणी शिकवावी लागली नव्हती.

गडबड ताटाच्या क्रमात आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले तशी नागली मागे पडली आणि ‘गरिबाचं खाणं’ म्हणून तिला नाकं मुरडली गेली. आज ती शहरातल्या महागड्या दुकानांत बिस्किटांच्या पुड्यात परत आली आहे, पण जी बाई ती पिकवते तिच्या ताटात ती पूर्वीइतकी राहिलेली नाही. दुधाचंही तेच. बाळंतिणीला सव्वा महिना डिंक, अळीव, तीळ, खारीक कौतुकानं खाऊ घालतात. त्यानंतर घरातलं दूध आधी डेअरीला, मग मुलांना, मग पुरुषांच्या चहात जातं आणि तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचं उरतं. हैदराबादच्या पोषण संस्थेनं कमी उत्पन्नाच्या घरांतल्या ३० ते ६० वयाच्या स्त्रियांची हाडं तपासली होती. तो अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यांच्या रोजच्या जेवणात कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमसुद्धा नव्हतं आणि मांडीच्या हाडाच्या मानेशी त्यांच्यापैकी सुमारे २९ टक्के जणींना ऑस्टिओपोरोसिस निघाला. या राबणाऱ्या बाया होत्या. अंगमेहनतीनं हाड बळकट होतं हे खरंच आहे, पण बांधायला माल लागतो. डोक्यावर हंडे वाहून हाडाला काम मिळतं, कॅल्शियम मिळत नाही.

सरकारनं गरोदरपणात चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या द्यायचं २०१४ मध्ये ठरवलं. धोरण चांगलं आहे. मात्र ही गोळी आणि लोहाची गोळी एकाच घोटाबरोबर घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवायला कुणी नीट समजावून सांगितलं नाही, तर हाडं सावरताना रक्त कमी राहतं.

उन्हाची गोष्टही अशीच आहे. विषुववृत्तापासून अवघ्या वीस अंशांवरच्या नाशिकला ऊन कमी नाही. तरी भारतात सगळीकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सापडते, कारण ऊन गावावर पडतं, अंगावर पडत नाही. सावळ्या त्वचेला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला जास्त वेळ लागतो, अंग कपड्यांनी झाकलेलं असतं, सकाळ स्वयंपाकघरात जाते. पुण्याच्या वस्तीतल्या लहान मुलांच्या पाहणीत पाळणाघरात जाऊन उन्हात खेळणाऱ्या मुलांपेक्षा घरातच राहणाऱ्या मुलांत मुडदूस जास्त आढळला होता. गल्ली तीच, फरक उंबरठ्याच्या आत आणि बाहेरचा.

कमतरता आहे म्हणून ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या घरोघरी पोहोचल्या आहेत. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याला त्या लागतात आणि उपयोगी पडतात. पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे इथे लागू नाही. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा एकदम पाच लाख युनिट देऊन पाहिलं. २०१० मध्ये आलेला निष्कर्ष असा, की त्यांचं पडणंही वाढलं आणि हाडं मोडणंही. अमेरिकेतल्या व्हायटल या मोठ्या चाचणीचा २०२२ चा निष्कर्ष सांगतो, की सर्वसाधारण निरोगी प्रौढांना ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यानं फ्रॅक्चर कमी होत नाहीत. वर्षानुवर्षं मोजमापाशिवाय पुड्या घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. औषध म्हणून घ्यावं, प्रसाद म्हणून वाटू नये.

आता एका अशा कारणाकडे, जे महाराष्ट्रानं स्वतःच्या हातानं निर्माण केलं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी देशाचं लक्ष वेधलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती आणि त्यांतल्या बऱ्याच चाळिशीच्या आतल्या होत्या. आगाऊ पैशांची उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांत काम थांबू नये, पोटदुखीवर वारंवार खर्च होऊ नये, म्हणून पिशवीच काढून टाकायचा सल्ला सहज मिळत होता.

त्या प्रकरणाची चर्चा शोषणाच्या अंगानं झाली आणि ती व्हायलाच हवी होती. हाडांच्या अंगानं मात्र जवळजवळ झालीच नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले, तर पस्तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते. एरवी पंधरा वर्षांनी सुरू झाली असती ती झीज दुसऱ्या दिवशी सुरू होते. बीजांडकोश ठेवले तरी काही स्त्रियांत ते लवकर थकतात. अशा स्त्रीला, दुसरं काही कारण आड येत नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत असा वैद्यकाचा सल्ला आहे. पण फडावर परत गेलेल्या बाईला तो कुणी दिला? तिच्या कागदावर बीजांडकोश काढले की ठेवले हे तरी लिहिलेलं असतं का? नाशिक जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसातही बाहेरगावच्या टोळ्या उतरतात. फडावर होणाऱ्या आरोग्य तपासणीत ‘पिशवी काढली आहे का आणि कितव्या वर्षी’ हा प्रश्न विचारला, तर पुढच्या वीस वर्षांत ज्यांची हाडं मोडणार आहेत त्यांची यादी आजच हाती येईल.

निदानाकडे वळलं की शहरात वेगळंच चित्र दिसतं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात ‘मोफत हाडांची ठिसूळता तपासणी’ असा फलक लागतो. सतरंजीवर रांग, टेबलावर एक छोटं यंत्र. मोजा काढायचा, टाचेला थंडगार जेल लावायचं, पाय खाचेत ठेवायचा. मिनिटाभरात चिठ्ठी बाहेर येते, त्यावर उणे दोन पूर्णांक सात असा आकडा. शेजारच्याच टेबलावर कॅल्शियमचे डबे मांडलेले. काकू घाबरून तीन महिन्यांचा डबा घेऊन घरी जातात. हे यंत्र टाचेतून अल्ट्रासाउंड पाठवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये उणे अडीचची जी रेघ आखली, ती कंबर आणि खुब्याच्या डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या, तपासणीसाठी होती. टाचेच्या आकड्याला ती लावता येत नाही. शिबिरातल्या चिठ्ठीचा उपयोग फार तर ‘डॉक्टरांना भेटा’ इतकाच. तिच्यावर निदान करायचं नसतं आणि औषधही सुरू करायचं नसतं.

डेक्सा ही तपासणी साधी आहे. टेबलावर निजायचं, वरून एक हात सरकत जातो, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. किरणोत्सर्ग अगदी थोडा. अहवालात कंबरेचे चार मणके आणि खुबा यांचे आकडे असतात. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या सरासरीपासून तुमचं हाड किती खाली आहे ते. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच हाडं विरळ होत चाललेली, उणे अडीच किंवा त्याहून खाली ऑस्टिओपोरोसिस. वाचताना एक मेख लक्षात ठेवावी लागते. सत्तरीतल्या माणसाच्या मणक्यांना वयोमानानं हाडाचे काटे फुटलेले असतात आणि यंत्र तेही घनतेत धरतं. त्यामुळे कंबरेचा आकडा उणे एक पूर्णांक दोन असा दिलासा देणारा आणि खुब्याच्या मानेचा उणे दोन पूर्णांक आठ असा असू शकतो. दोन्हींपैकी खालचा आकडा खरा धरायचा. आणि आकडा कितीही बरा असला, तरी नुसतं पडून खुबा किंवा मणका मोडलेला असेल, तर निदान झालेलंच आहे. त्याला यंत्राची परवानगी लागत नाही.

पासष्टीपुढच्या स्त्रिया आणि सत्तरीपुढचे पुरुष यांनी ही तपासणी करून घ्यावी असा सल्ला दिला जातो. लवकर पाळी गेलेल्या, आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असलेल्या, फार किडकिडीत, तंबाखू ओढणाऱ्या आणि तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी त्याआधीच. दम्याच्या, आमवाताच्या रुग्णांना स्टेरॉइड दिली जातात हे माहीत असतं. ‘सांधेदुखीवर हमखास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांतही ती मिसळलेली सापडली आहेत, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. डेक्साबरोबर रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वही पाहावं लागतं. हाड मऊ पडण्याचा ऑस्टिओमलेशिया हा वेगळाच आजार डेक्सावर हुबेहूब ऑस्टिओपोरोसिससारखा दिसतो आणि आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. त्याला ड जीवनसत्त्व लागतं. ऑस्टिओपोरोसिसची औषधं आधी दिली तर नुकसान होऊ शकतं.

उपचारांबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की कॅल्शियमची गोळी म्हणजेच उपचार. ती पाया आहे, उपचार नव्हे. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी हाड पोखरणं थांबवणारी औषधं १९९५ पासून उपलब्ध आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आता जेनेरिक रूपात मिळते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. चहाबरोबर घेतली तर ती वाया जाते. ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आहे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक किंवा त्याहून अधिक जण वर्षभरात दगावतात, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं मोल कळतं.

या औषधांनी जबड्याचं हाड सडतं, मांडीचं हाड आडवं चिरतं, असं ऐकून लोक ती सोडतात. हे दुष्परिणाम खरे आहेत, पण फार विरळा. म्हणूनच दात आधी तपासून घेतात आणि गोळी पाच वर्षांनी, इंजेक्शन तीन वर्षांनी थांबवता येईल का याचा विचार करतात. दर सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबचं मात्र उलटं आहे. ते मध्येच बंद केलं तर झीज उसळी मारते आणि मणके एकापाठोपाठ एक दबू शकतात. पुढचा डोस परवडेल का, गावाहून येणं जमेल का, हे आधी विचारूनच ते सुरू करायला हवं. हाड नव्यानं भरणारं टेरिपॅराटाइड रोज टोचून घ्यावं लागतं आणि महाग पडतं. ते फार ठिसूळ हाडांसाठी राखून ठेवलेलं आहे.

औषधाबरोबर हाडाला भार हवा. नाशिकला सायकलींचं प्रेम आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केल्यावर ते आणखी वाढलं. हृदयासाठी सायकल उत्तम, पण तिच्यावर शरीराचा भार खोगीर पेलतं, हाडं पेलत नाहीत. हाडांसाठी पायांनी चालावं, जिने चढावेत, वजनं उचलावीत आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. मणका दबलेल्यांनी पुढे वाकण्याची आसनं टाळावीत, हे योगवर्गात सांगितलं गेलं पाहिजे.

एक आक्षेप इथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्यात पोरींचं रक्त कमी आहे, क्षयरोग हटलेला नाही, तिथे हाडांच्या घनतेची चैन कशाला? उत्तर असं, की पोरींच्या रक्ताचं आणि हाडांचं ताट एकच आहे, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. आणि खुबा मोडला की खाटेवर एकटी आजी पडत नाही. तिच्याबरोबर सुनेची मजुरी बुडते किंवा नातीची शाळा सुटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांचा खर्च उचलते. म्हणजे खुब्यात सळई घालायला सरकार पैसे देतं, पण ती वेळ येऊ न देणारी आठवड्याची गोळी घरी बसून घ्यायची असते, म्हणून ती योजनेत बसत नाही. हिशेब उलटा मांडलेला आहे.

तो सुलटा कसा करायचा हे ग्लासगो शहरानं १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. तिथे एका परिचारिकेला एवढंच काम दिलं, की पन्नाशीपुढचा जो कुणी हाड मोडून येईल त्याला गाठायचं, तपासणी करवायची, औषध सुरू झालं का याचा पाठपुरावा करायचा. ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. तिच्यासाठी नवं यंत्र लागत नाही, माणूस लागतो. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेची रुग्णालयं आहेत, आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच आहे. आशा ताई तिशीपुढच्या माणसांचा जो तक्ता भरतात, त्यात तंबाखू आणि कंबरेचा घेर विचारला जातो. त्यातच ‘पन्नाशीनंतर पडून हाड मोडलं का’ हा एक प्रश्न वाढवता येईल. आणि मुळात पडणंच टळावं म्हणून, सिंहस्थासाठी घाटांची कामं निघतात त्यात गोदाकाठच्या निसरड्या पायऱ्यांना धरायला कठडे बसवता येतील.

सुरुवात प्लॅस्टरच्या खोलीतून व्हावी. दारापाशी एक नोंदवही ठेवायची. पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाचं वय, कशानं पडले, आधी कोणतं हाड मोडलं होतं का, पाळी कितव्या वर्षी गेली आणि घरी जाताना कोणतं औषध दिलं, एवढे रकाने. विद्यापीठानं ती भरण्याचं काम आंतरवासितेतल्या डॉक्टरांच्या नेमून दिलेल्या कामात घालावं. वर्षाअखेरीस त्या वहीत किती नावं आली आणि त्यांतल्या किती जणींना दुसऱ्यांदा प्लॅस्टर लागलं, हे आकडे जिल्ह्याच्या हाती असतील, तर पुढच्या अंदाजपत्रकात आठवड्याच्या त्या गोळीसाठी रक्कम मागताना नाशिकला पुण्याचा किंवा ग्लासगोचा दाखला द्यावा लागणार नाही.